डास तोच, परजीवी तोच. मग ताप एकालाच का चढतो?

पावसाळा सरत आला की नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडून तापाचे रुग्ण येऊ लागतात. त्यांच्यात काही जण मूळचे तिकडचे नसतातच. कामानिमित्त चार आठवडे तिकडे राहून आलेले असतात. कोणी रस्त्याच्या कंत्राटावरचा सुपरवायझर, कोणी टॉवर बसवणारा तंत्रज्ञ, कोणी बंदोबस्ताला गेलेला पोलीस. अशा माणसाला मलेरिया झाला की घरचे हमखास एक प्रश्न विचारतात: त्याच कॅम्पवर गावातले मजूरही झोपत होते, त्यांना काही झालं नाही, मग यालाच का?

प्रश्न अगदी रास्त आहे. समजा, नागपूरच्या धरमपेठेत वाढलेला पंचविशीतला इंजिनिअर आणि गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातला चाळिशीचा मजूर महिनाभर एकाच साइटवर राहिले. दोघांना ॲनोफिलिस डास चावले, दोघांच्या रक्तात प्लास्मोडियम फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी, शिरला. दहा-बारा दिवसांनी इंजिनिअरला हुडहुडी भरते, ताप एकशे चारवर जातो, ओकाऱ्या सुरू होतात, आणि उपचाराला दोन दिवस उशीर झाला तर तो बडबडायला लागतो, शुद्ध हरपते. मजुराचं अंग दुखतं, तो एक दिवस कामावर खाडा करतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फावडं उचलतो. त्याचं रक्त तपासलं तर कदाचित परजीवी सापडतीलही, पण त्याला त्यांचा पत्ता नसतो.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं: 'ते लोक काटकच असतात.' हे उत्तर चुकीचं तर आहेच, शिवाय घातकही आहे. त्या मजुराच्या गावातलं दोन वर्षांचं मूल तितकंही काटक नसतं. फाल्सिपेरमने ते इंजिनिअरपेक्षाही लवकर अत्यवस्थ होऊ शकतं. वंश तोच, जंगल तेच, खाणंपिणं तेच. बाप आणि लेकरू यांच्यातला मोठा फरक म्हणजे बापाच्या रक्तातल्या अँटिबॉडी, आणि त्या त्याने वर्षानुवर्षं आजार सोसून मिळवलेल्या असतात.

अँटिबॉडी म्हणजे आपल्या बी-पेशींपासून (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींपासून) तयार होणारी प्रथिनं. बाहेरून आलेल्या जंतूचा एखादा विशिष्ट भाग ओळखून ती त्याला चिकटतात. गोवरासारख्या आजारात हे काम एकदाच पण पक्कं होतं. लहानपणी गोवर होऊन गेला की बहुतेकांना तो जन्मात पुन्हा होत नाही. मलेरिया मात्र एकाच माणसाला पाच वेळा, दहा वेळा होतो. याचं कारण परजीवीच्या घडणीत आहे.

डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेतून थोडेसेच, फार तर काही डझन, बीजाणू (परजीवीचं डासातून येणारं रूप) शरीरात येतात. अर्ध्या-एक तासाच्या आत ते यकृतात पोचतात. तिथे सहा-सात दिवस गुपचूप वाढून एकेका पेशीतून हजारो नवे परजीवी बाहेर पडतात आणि तांबड्या रक्तपेशींत घुसतात. हे घुसणं मिनिटभरात उरकतं. मग दर अठ्ठेचाळीस तासांनी पेशी फुटते, नवी पिढी बाहेर पडते, पुन्हा नव्या पेशींत शिरते. ताप चढतो तो या टप्प्यात. प्रत्येक टप्प्यावर परजीवीच्या अंगावरची प्रथिनं वेगळी असतात, त्यामुळे बीजाणूविरुद्धची अँटिबॉडी रक्तातल्या टप्प्यावर काही कामाची नसते. शिवाय बीजाणू इतके थोडे आणि इतक्या घाईत निघून जातात की त्यांच्याविरुद्ध नैसर्गिकरीत्या फारशा अँटिबॉडी तयारच होत नाहीत. म्हणजे वारंवार मलेरिया झालेल्या माणसाचं जे संरक्षण असतं ते मुख्यतः रक्तातल्या टप्प्याविरुद्धचं. त्याच्या यकृतात परजीवी शिरतो, रक्तातही येतो. तिथे त्याला फार वाढू दिलं जात नाही, एवढंच.

रक्तात अँटिबॉडी मुख्यतः तीन प्रकारे काम करतात. पेशींत घुसू पाहणाऱ्या परजीवीला चिकटून त्या त्याची वाट अडवतात. परजीवीवर खूण करून ठेवतात, म्हणजे भक्षक पेशी त्याला ओळखून गिळतात. आणि तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फाल्सिपेरमने ग्रासलेल्या तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी येतात. त्यांवर परजीवीचं एक प्रथिन असतं, पीएफ-ईएमपी-१ नावाचं. त्याच्या आधाराने ही पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते आणि प्लीहेपर्यंत जायचं टाळते, कारण प्लीहेत तिचा नाश ठरलेला असतो. असं मेंदूतल्या वाहिन्यांत झालं की मेंदूचा मलेरिया होतो, माणूस बेशुद्ध पडतो. या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असल्या तर चिकटणंच थांबतं.

मग शरीर एकदाच ती अँटिबॉडी का बनवून ठेवत नाही? कारण परजीवी इथे बहुरूप्यासारखा वागतो. एकेका फाल्सिपेरमकडे या प्रथिनाची सुमारे ६० वेगवेगळी जनुकं असतात, आणि एका वेळी तो त्यांतलं एकच वापरतो. पहिल्या सोंगाविरुद्ध अँटिबॉडी तयार होईपर्यंत काही परजीवींनी दुसरं सोंग घेतलेलं असतं. त्यातही पलीकडच्या गावातल्या परजीवीचा साठा वेगळा, पुढच्या वर्षीच्या परजीवीचा वेगळा. सगळी सोंगं ओळखीची व्हायची तर माणसाला अनेक हंगाम, अनेक वेगवेगळे परजीवी सोसावे लागतात. चाळिशीच्या मजुराने हेच केलेलं असतं, नकळत आणि नाइलाजाने. दोन वर्षांच्या मुलाला तेवढा वेळच मिळालेला नसतो.

या संरक्षणाचा एक क्रम असतो. सगळ्यात आधी, काही मोजक्याच संसर्गांनंतर, जीव घेणाऱ्या गंभीर मलेरियापासून बचाव होऊ लागतो. साध्या तापापासून बचाव व्हायला बरीच वर्षं लागतात. रक्तातल्या परजीवींची संख्या आटोक्यात राहणं त्याहून उशिरा येतं. संसर्गच होणार नाही असं कवच जवळपास कोणालाच मिळत नाही. म्हणून आफ्रिकेतल्या तीव्र प्रादुर्भावाच्या भागात एका मायक्रोलीटर रक्तात हजारभर परजीवी असलेलं शाळकरी पोर अंगणात खेळताना दिसतं. आपल्या इंजिनिअरला त्याच्या कितीतरी कमी संख्येवर फणफणून ताप येतो.

हे सगळं अँटिबॉडींमुळेच होतं याचा पुरावा १९६१ सालचा आहे. गॅम्बियात कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन या संशोधकांनी वर्षानुवर्षं मलेरियाच्या प्रदेशात राहिलेल्या प्रौढांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वेगळ्या काढल्या आणि मलेरियाने आजारी असलेल्या लहान मुलांना टोचल्या. काही दिवसांत मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. ज्या प्रौढांना मलेरियाचा संबंधच आला नव्हता त्यांच्या अँटिबॉडींनी तसं काही झालं नाही. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या प्रौढांच्या अँटिबॉडी पूर्व आफ्रिकेतल्या मुलांवर आणि नंतर थायलंडमधल्या रुग्णांवरही उपयोगी पडल्या. म्हणजे सोंगं कितीही असोत, जगभरच्या परजीवींमध्ये काहीतरी समान आहे आणि भरपूर संसर्ग सोसलेलं शरीर ते हेरतं. लशीची आशा याच गोष्टीवर उभी आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. गडचिरोलीतला मलेरिया आफ्रिकेतल्या काही भागांसारखा बारमाही नाही. तो पावसासोबत वाढतो आणि उन्हाळ्यात ओसरतो. एका गावात पुष्कळ, तर नाल्यापलीकडच्या गावात थोडा. आरमोरी-वडसा पट्ट्यातल्या धानशेतीच्या गावांतला माणूस आणि भामरागड-एटापल्लीच्या जंगलातला माणूस यांच्या वाट्याला आलेले डास सारखे नसतात. त्यामुळे अँटिबॉडीही सारख्या नसतात. आपल्याकडच्या प्रौढांचं संरक्षण आफ्रिकेतल्या प्रौढांइतकं भक्कम होत नाही, म्हणून इथे मोठी माणसंही आजारी पडतात, दगावतात. वर जो मजूर मी रंगवला तो सरासरी मजूर समजू नका. त्याच साइटवर दुसरा मजूर तापाने आडवा झालेला असू शकतो, आणि गावकरी आहे म्हणून त्याच्या तापाकडे काणाडोळा करणं चूकच ठरेल.

नागपूर शहरात मलेरिया थोडा. शहरात तो पसरवणारा डास मुख्यतः ॲनोफिलिस स्टीफेन्सी, पाण्याच्या टाक्यांत वाढणारा. आणि इथल्या कुलरच्या पाण्यावर वाढणाऱ्या एडिस डासामुळे लोकांच्या डोक्यात डेंग्यूच पक्का बसलेला. इथे वाढलेल्या बहुसंख्य लोकांच्या रक्तात मलेरियाच्या अँटिबॉडी नसतात, किंवा व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीच्या एखाद्या जुन्या तापाच्या नाममात्र उरलेल्या असतात. व्हायवॅक्सविरुद्धच्या अँटिबॉडींचा फाल्सिपेरमपुढे फारसा भरवसा धरता येत नाही.

संपर्कात आल्यावर प्रौढ शरीर किती लवकर शिकतं, याचं एक विलक्षण उदाहरण इंडोनेशियातलं आहे. मलेरिया फारसा नसलेल्या जावातून हजारो कुटुंबं सरकारी योजनेतून पापुआत वसवली गेली. तिथे फाल्सिपेरम भरपूर होता. सुरुवातीला सगळेच आजारी पडले, पण वर्ष-दोन वर्षांत प्रौढांना बऱ्यापैकी संरक्षण मिळालं. त्यांच्याच मुलांना, तेवढेच डास चावूनही, ते मिळालं नाही. म्हणजे संसर्ग किती वेळा झाला एवढ्यानेच सगळं ठरत नाही, शरीराचं वयही मोजावं लागतं. तरीही पहिल्या झटक्यात प्रौढाची अवस्था फार वाईट होऊ शकते, त्यामुळे 'राहता राहता सवय होईल' हा सल्ला कोणी देऊ नये.

संरक्षण येतं तसं जातंही. रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात. त्या टिकवायच्या तर अस्थिमज्जेतल्या दीर्घायुषी पेशींनी त्या सतत बनवत राहायला हव्यात, आणि मलेरियात अशा पेशी, विशेषतः लहान मुलांत, थोड्या तयार होतात. म्हणून पावसाळ्यात वर गेलेली पातळी कोरड्या महिन्यांत खाली येते. माणूस जंगलातलं गाव सोडून शिकायला नागपुरात आला, हिंगण्याला कंपनीत लागला, पाच वर्षांनी दिवाळीत घरी गेला, तर आपल्याला काही होणार नाही या भरवशावर त्याने राहू नये. स्मृती पूर्ण पुसली जात नाही हेही खरं. मादागास्करच्या पठारावर फवारणी आणि औषधांमुळे १९६० च्या सुमारास मलेरिया जवळजवळ संपला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो साथ होऊन परतला, पुष्कळ लोक दगावले. पण ज्या वयस्कर लोकांनी तीस वर्षांपूर्वीचा मलेरिया सोसला होता त्यांना तुलनेने कमी त्रास झाला.

गरोदर बाईची गोष्ट वेगळी सांगायला हवी. फाल्सिपेरमच्या साठ जनुकांत एक असं आहे की ज्याच्या प्रथिनामुळे ग्रासलेली पेशी थेट वारेत चिकटते. पुरुषाला किंवा लहान मुलीला या प्रथिनाचा सामना करावा लागत नाही, कारण वारच नसते. म्हणून लहानपणापासून मलेरियाच्या गावात वाढलेली, भरपूर अँटिबॉडी असलेली बाईसुद्धा पहिल्या बाळंतपणात एका अर्थी नवखीच असते. रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं, कधी दिवस भरण्याआधीच बाळंतपण होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या विशिष्ट प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असतात आणि धोका घटतो. जिथे मलेरिया कमी तिथे त्या कधीच पुरेशा होत नाहीत, आणि प्रत्येक बाळंतपण तितकंच जोखमीचं राहतं. पहिलटकरणीला मच्छरदाणीत झोपवा, तिचा ताप त्याच दिवशी तपासा, असं आशाताई कळकळीने सांगतात ते याचसाठी.

विदर्भात आणखी एका गोष्टीची गल्लत होते, ती सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. ज्यांच्या रिपोर्टवर 'एएस' असतं, म्हणजे जे वाहक आहेत, त्यांना गंभीर फाल्सिपेरमपासून जन्मजात बरंच संरक्षण असतं. ते हिमोग्लोबिनमुळे, अँटिबॉडींमुळे नाही. आणि 'एसएस' रुग्णाला, म्हणजे ज्याला सिकलसेलचा आजारच आहे त्याला, त्याचा फायदा तर नाहीच, उलट मलेरिया त्याच्यासाठी जास्तच धोक्याचा. 'सिकल आहे ना, मग मलेरिया होत नाही' हे ऐकलं की मला खरोखर काळजी वाटते.

आता लॅबच्या कागदाकडे. धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही लॅबच्या काउंटरवर असा प्रश्न येऊ शकतो: "ताई, अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हंजे मले मलेरिया हाय, का होऊन गेला?" अँटिबॉडीच्या तपासणीतून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ताप आल्यावर पहिले काही दिवस त्या तयारच झालेल्या नसतात, आणि बरं झाल्यावर महिनोन् महिने राहू शकतात. म्हणून आजचा मलेरिया ओळखायला दोनच तपासण्या उपयोगाच्या. एक काचपट्टी: बोटाला टोचून रक्ताचा एक जाड थेंब आणि एक पातळ थर, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली. फाल्सिपेरम असेल तर तांबड्या पेशीच्या आत नाजूक निळसर कडी आणि तिच्यावर लाल ठिपका दिसतो, कधी एकाच पेशीत दोन कड्या. दुसरी, आशाताईंच्या पिशवीतली किट. ती अँटिबॉडी शोधत नाही, परजीवीचंच प्रथिन शोधते, आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ दाखवते. फाल्सिपेरमची रेघ औषध पूर्ण झाल्यावरही काही आठवडे उमटू शकते, कारण ते प्रथिन रक्तातून हळूहळू जातं. त्यामुळे नुकताच उपचार झाला असेल तर तसं आवर्जून सांगावं.

मग अँटिबॉडी मोजायच्याच कशाला? एका माणसासाठी नाही, गावासाठी. बोटातून रक्ताचा थेंब काढून गाळणकागदावर टिपायचा, वाळवायचा, पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवायचा. परजीवी आज रक्तात नसला तरी गेल्या काही वर्षांतल्या संसर्गाची नोंद अँटिबॉडींत सापडते. वयाप्रमाणे मांडणी केली की चित्र उघडं होतं. पाच वर्षांच्या मुलांत टक्का मोठा असेल तर तिथे भरपूर डास चावतायत. पंचवीस वर्षांच्या वरच्यांत टक्का मोठा आणि त्याखालच्यांत जवळपास शून्य असेल तर सुमारे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिथे मलेरिया घटला. टांझानियात किलिमांजारो आणि उसंबाराच्या डोंगरउतारांवर असा अभ्यास झाला. जसजसं वर चढावं, थंडी वाढावी, डास कमी व्हावेत, तसतशी अँटिबॉडी मिळवण्याची गती कमी होत गेलेली दिसली. भारताने २०३० पर्यंत मलेरिया हटवण्याचं ठरवलं आहे. जिथे रुग्ण मोजकेच उरतात तिथे काचपट्ट्या तपासून फारसं हाती लागत नाही. लहान मुलांच्या अँटिबॉडी मात्र डास अजून संसर्ग पसरवतायत का हे सांगू शकतात.

या यशाला एक बाजू आहे आणि ती आधीच ओळखून ठेवायला हवी. मलेरिया हटत जातो तसतसं गावकऱ्यांच्या रक्तातलं संरक्षणही ओसरतं. दहा वर्षं शांत राहिलेल्या गावात एखाद्या पावसाळ्यात फाल्सिपेरम परतला तर तिथला प्रौढ आणि धरमपेठेतला इंजिनिअर यांच्यात फार फरक उरणार नाही. म्हणून रुग्ण कमी झाले की फवारणी आणि मच्छरदाण्यांचं वाटप सैल करणं मला पटत नाही.

लशींनी मुद्दाम निसर्गाने सोडलेला टप्पा धरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या दोन्ही लशी, २०२१ ची आरटीएस,एस आणि २०२३ ची आर२१, बीजाणूवरच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतात. म्हणजे परजीवी यकृतात पोचायच्या आधीच अडवायचा. त्यासाठी रक्तात अँटिबॉडींची पातळी खूप उंच लागते आणि ती काही महिन्यांत उतरते, म्हणून तीन डोसांनंतर चौथा द्यावा लागतो. आर२१ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, पण ती आफ्रिकेतल्या मुलांसाठी वापरली जाते. आपल्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही, आणि कामाला जाणाऱ्या प्रौढांसाठीही नाही.

तेव्हा नागपूरहून जंगलपट्ट्यात काही आठवड्यांसाठी जाणाऱ्या प्रौढाने उसन्या संरक्षणाचा, म्हणजे प्रतिबंधक गोळीचा, विचार करावा. देशाच्या मार्गदर्शक सूचनांत सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक, जाण्याच्या दोन दिवस आधीपासून परत आल्यावर चार आठवडे, असं सांगितलं आहे. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डेंग्यूसोबत मलेरियाचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कुठे राहून आलो ते आपणहून सांगावं. व्हायवॅक्स यकृतात दडून राहतो, त्यामुळे तिकडच्या मुक्कामाचा ताप कित्येक महिन्यांनीही येऊ शकतो. तेव्हाही गावाचं नाव सांगावं, आणि यकृतात दडलेल्या व्हायवॅक्सवरचा प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स दिला तर तो मध्येच सोडू नये.